अंगठ्याएवढी किल्ली



आषाढ लागला की महाडच्या बाजारपेठेत एक ठरलेली हालचाल सुरू होते. तळाच्या फळीवरील साखरेची पोती वर जातात, कापडाचे तागे माळ्यावर चढतात, वजनकाटा उंच ओट्यावर येतो; आणि संध्याकाळी दुकान वाढविताना प्रत्येक जण गांधारी व सावित्री यांच्या पाण्याची चौकशी करूनच घरी जातो. महाबळेश्वराच्या माथ्यावर पडलेला पाऊस सावित्रीच्या पात्राने पोलादपूरवरून खाली येतो आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असेल, तर त्या पाण्याला पुढे सरकण्यास वाट मिळत नाही. हा हिशेब येथील व्यापाऱ्यांच्या मुलांना पाढ्यांबरोबरच शिकावा लागतो.

२०२१ च्या जुलैमध्ये मात्र कोणाचाच हिशेब जुळला नाही. आषाढी एकादशी नुकतीच झाली होती, चातुर्मास तोंडावर आला होता. महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि २१ व २२ जुलैला महाड पाण्याखाली गेले. त्याच २२ तारखेला तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गिळली. त्या दुःखापुढे दुकानातील नुकसानीची गोष्ट काढणे संकोचाचे वाटते. तथापि ज्यांना जगायचे होते त्यांना दुकान पुन्हा उघडायचे होते, उधारी वसूल करायची होती, नोकरांचे पगार करायचे होते. त्या दिवसांत एका परिचित कुटुंबाची झालेली अडचण मी जवळून पाहिली. ती अडचण अंगठ्याएवढ्या एका वस्तूची होती, आणि तशी वस्तू आज आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर संगणकाच्या मागे लावलेली आहे. म्हणून या महिन्याच्या लेखासाठी तो विषय घेतला आहे.

हे दोघे बंधू किराणा-भुसाराचे घाऊक व्यापारी. थोरले महाडची पेढी पाहतात, धाकटे पोलादपूरचे दुकान. पूर ओसरल्यावर महाडच्या गाळ्यात गुडघाभर चिखल होता. भिजलेल्या धान्याची दुर्गंधी, रोगराईची भीती, रस्त्यावर उभे डंपर. जे हाताला लागेल ते बाहेर काढून कचऱ्याच्या ढिगावर टाकणे एवढेच काम चार दिवस चालले होते. त्यात चिखलाने भरलेला संगणकही गेला. त्याचे कोणाला फारसे वाईट वाटले नाही, कारण धाकट्या बंधूंची एक चांगली सवय होती. दर शनिवारी ते हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पोलादपूरला नेत असत. १७ जुलैपर्यंतचा सर्व हिशेब त्यामुळे सुरक्षित होता. प्रोग्रामची सीडीही पोलादपूरच्या कपाटात होती. नवा संगणक आणला, प्रोग्राम चढविला, हिशेबाची प्रत त्यात घातली आणि सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ आली : लॉक सापडत नाही.

येथे थोडे थांबून हे लॉक म्हणजे काय ते पाहू. व्यापारी याला लॉक म्हणतात, संगणकवाले डोंगल म्हणतात. सॉफ्टवेअरची नक्कल करणे फार सोपे आहे. एक प्रत विकत घ्यावी आणि दहा दुकानांत चालवावी. ते रोखण्यासाठी विक्रेत्याने प्रोग्रामसोबत एक छोटे उपकरण देण्याची रीत १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘वर्डक्राफ्ट’ नावाच्या लेखन-प्रोग्रामपासून सुरू झाली. पूर्वी हे लॉक प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या जोडणीवर बसविले जाई. आता ते पेनड्राइव्हसारखे यूएसबीत बसते. आपल्याकडे मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या मुद्रकांना याची ओळख फार जुनी आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ आणि सी-डॅकचे ‘आयएसएम’ ही सॉफ्टवेअरे लॉकसह येत असत. आपल्या लग्नपत्रिका छापणारा मुद्रक संगणकापेक्षा त्या लॉकला अधिक जपत असे, याचे कारण हेच.

लॉकच्या आत एक चिप असते आणि तिच्यात त्या लॉकचा स्वतंत्र क्रमांक व एक गुप्त संकेत असतो. प्रोग्राम सुरू होताना, आणि पुष्कळदा चालू असतानाही, तो लॉकला एक प्रश्न विचारतो. लॉक आपल्या गुप्त संकेताने त्याचे उत्तर तयार करून देते. उत्तर बरोबर आले तरच प्रोग्राम पुढे जातो. गुप्त संकेत बाहेर वाचता येत नाही, म्हणून लॉकची नक्कल सहजी होत नाही. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपला हिशेब लॉकमध्ये नसतो, तो संगणकाच्या डिस्कवर असतो. लॉक हरविल्याने हिशेब नष्ट होत नाही. तो उघडण्याची परवानगी तेवढी हातची जाते. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर याच बाजारात भिजलेल्या वह्या पानापानाने पंख्याखाली वाळविलेल्या मी पाहिल्या आहेत. शाई पसरली होती, तरी अनुभवी दिवाणजी त्यातून उधारी वाचून काढीत होते. या वेळी हिशेब कोरडा आणि पूर्ण होता, पण वाचता येत नव्हता.

आणि तो वाचण्याची निकड मोठी होती. विमा कंपनीचे सर्व्हेअर पंचनाम्यासाठी आले तेव्हा त्यांनी पुराच्या आदल्या दिवशी गाळ्यात किती माल होता याचा हिशेब मागितला. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेले जूनअखेरचे स्टॉक स्टेटमेंट होते, पण त्यानंतर तीन आठवड्यांची खरेदी-विक्री झाली होती. आसपासच्या खेड्यांतील किरकोळ दुकानदारांकडे किती येणे आहे याची यादी त्याच प्रोग्राममध्ये होती. २० ऑगस्टपर्यंत जुलैचे जीएसटी विवरणपत्र भरायचे होते. म्हणजे भरपाई, वसुली आणि कर ही तिन्ही कामे त्या अंगठ्याएवढ्या वस्तूपाशी येऊन अडली.

प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीकडे फोन केला. उत्तर नम्र पण स्पष्ट होते : बिघडलेले लॉक परत पाठविले तर अल्प शुल्कात बदलून देऊ, लॉक हरविले असेल तर परवानाच हरविला असे समजले जाते, नवा परवाना पूर्ण किमतीत घ्यावा लागेल. थोरले बंधू संतापले. मला म्हणाले, “साहेब, पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे. बिल आहे, सीडी आहे, दरवर्षी देखभालीचे पैसे भरतो. गावावर पूर आला हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मग पुन्हा पूर्ण किंमत कशासाठी? तुम्ही एक कडक पत्र लिहून द्या.”

मी कागद घेऊन बसलो. मलाही राग आला होता, त्यामुळे पहिला मसुदा चांगलाच कडक झाला. परंतु तो लिहीत असता मला बँकेतील माझेच जुने टेबल आठवले. त्या टेबलाच्या मी ज्या बाजूला बसत असे, त्या बाजूला आज ती कंपनी बसली होती.

मुदत ठेवीची पावती हरविली म्हणून ग्राहक येत असे. आम्ही त्याला दुय्यम पावती देत असू, पण आधी अर्ज, इन्डेम्निटी बॉण्ड, आणि मूळ पावती सापडल्यास परत करीन असे लेखी वचन घेऊन. हे शक्य होते, कारण ठेव कोणाची हे आमच्या खातेवहीत लिहिलेले असे. पावती हा त्या नोंदीचा केवळ पुरावा. याउलट पाचशेची नोट हरविली म्हणून कोणी आला, तर त्याला दुसरी नोट कोणतीही बँक देणार नाही. तो खोटे बोलतो असे कोणी म्हणत नाही. पण ती नोट ज्याच्या हाती आहे त्याची ती आहे, आणि पहिली नोट बाजारात फिरतच राहणार.

सॉफ्टवेअरचे लॉक हे या दोहोंच्या मध्ये बसते. त्याचे वागणे नोटेसारखे आहे : ज्याच्या हाती लॉक, त्याचा प्रोग्राम चालतो, लॉक नाव विचारीत नाही. विक्रेत्याने केवळ शब्दावर दुसरे लॉक दिले आणि पहिले खरोखर नष्ट झालेले नसेल, तर एका किमतीत दोन दुकाने चालतील. ‘हरवले’ म्हणणाऱ्यांत खरे आणि खोटे दोन्ही असतात आणि दूर शहरातल्या टेबलावरून ते ओळखता येत नाही. बिघडलेले लॉक परत आले तर जुने एक आत, नवे एक बाहेर, असा हिशेब जुळतो. हरविलेल्याचा जुळत नाही. कंपनीच्या नियमामागे लोभ असेलही, पण त्यामागे ही खरी अडचणही आहे. आणि अडचण खरी असेल, तर तिच्यावर बँकेला सापडलेला उपाय तेथेही लागू पडावयास हवा. आपले नाव समोरच्याच्या खातेवहीत असेल आणि आपण जबाबदारी लिहून देत असू, तर लॉकला नोटेऐवजी ठेवीच्या पावतीची वागणूक मिळू शकते.

म्हणून कडक मसुदा फाडला आणि दुसरे पत्र लिहिले. त्यात विनंती कमी आणि पुरावे अधिक होते. खरेदीचे बिल, देखभाल कराराच्या पावत्या, पुराच्या पंचनाम्याची प्रत, पोलिसांत दिलेल्या हरविल्याच्या खबरीची प्रत आणि लॉकचा क्रमांक. हा क्रमांक मिळविण्यास दोन दिवस लागले. लॉक हाती नसताना त्यावरचा क्रमांक कोठून आणायचा? शेवटी पोलादपूरच्या फाइलमध्ये दुरुस्तीला आलेल्या माणसाची दोन वर्षांपूर्वीची एक पावती मिळाली, तिच्यावर तो होता. पत्रासोबत तीन गोष्टी देऊ केल्या : इन्डेम्निटी बॉण्ड, मूळ लॉक सापडल्यास ते वापरणार नाही, परत पाठवू, असे वचन, आणि त्या लॉकचा क्रमांक कंपनीने पुढील आवृत्तीत कायमचा बंद करावा याला संमती. मागणी दोनच गोष्टींची केली. हिशेब पाहण्यापुरती तात्पुरती मुदतीची परवानगी, आणि वाजवी दरात नवे लॉक.

पत्राचे उत्तर येईपर्यंतचे दिवस कठीण होते, आणि त्याच दिवसांत एक सोपा मार्ग दुकानात चालून आला. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने सांगितले की या प्रोग्रामचा ‘क्रॅक’ मिळतो, लॉकची गरजच उरत नाही, दोन हजार रुपये द्या, संध्याकाळी काम होईल. पुतण्याला ते पटले. तो मला म्हणाला, “काका, प्रोग्राम आपण विकत घेतलेलाच आहे ना? मग ही चोरी कशी?”

प्रश्न वाजवी होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यावयास हवे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या प्रोग्राम बाळगणाऱ्यास नाश किंवा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून त्याची राखीव प्रत करता येते. म्हणजे सीडीची प्रत काढून ठेवणे गैर नाही. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. आणि कलम ६३-ब अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास, व्यापारी लाभासाठी वापर असेल तर, सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. आपल्या प्रामाणिकपणाची साक्ष देण्यासाठी आपण न्यायालयापुढे उभे राहावे, अशी वेळ का आणावी? शिवाय अशा क्रॅकबरोबर संगणकात आणखी काय शिरते याची कल्पना देणाऱ्यालाही नसते.

थोरल्या बंधूंनी मात्र कायद्याची कलमे ऐकण्यापूर्वीच निर्णय दिला होता. ते पुतण्याला म्हणाले, “अरे, ज्या वहीवर आपण विमा कंपनीकडे भरपाई मागणार, ती वही चोरीच्या किल्लीने उघडायची? उद्या सर्व्हेअरने विचारले की हे कोणत्या प्रोग्राममधून काढले, तर काय सांगशील?” अचौर्य आपण प्रतिक्रमणात म्हणतो, ते इतक्या रोकड्या प्रसंगी कोणी आठवलेले मी क्वचितच ऐकले आहे.

बाराव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. तीस दिवसांची तात्पुरती परवानगी मिळाली आणि मूळ किमतीच्या सुमारे एक चतुर्थांश रकमेत नवे लॉक देण्याचे मान्य झाले. १७ जुलैपर्यंतचा हिशेब उघडला. पुढच्या चार दिवसांची खरेदी पुरवठादारांच्या बिलांवरून आणि ई-वे बिलांवरून जुळविली. स्टॉकचा तक्ता सर्व्हेअरला गेला, विवरणपत्र मुदतीत भरले गेले, आणि उधारीच्या याद्या छापून धाकटे बंधू वसुलीला बाहेर पडले.

गोष्ट येथे संपली असती. पण त्या वर्षी दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत पेढीच्या माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात रबरी शिक्के, चेकबुके, पावतीपुस्तके आणि त्यांच्याखाली ते लॉक! दिवाणजींनी २१ जुलैच्या संध्याकाळी पाण्याचा रंग पाहून ते संगणकातून काढून डब्यात ठेवले होते आणि डबा माळ्यावर नेला होता. त्यांनी अगदी योग्य तेच केले होते. परंतु त्यांच्याही घराची पडझड झाल्यामुळे पुरानंतर ते महिनाभर गावी होते. लॉक संगणकासोबत ढिगाऱ्यात गेले असे सर्वांनी गृहीत धरले, म्हणून त्यांना कोणी विचारले नाही; आणि शेठना माहीत असणारच असे समजून तेही काही बोलले नाहीत.

लॉक जोडून पाहिले. ते चालत होते. पुतणे पुन्हा म्हणाले, “आता पोलादपूरलाही तोच प्रोग्राम चालेल. जुनी आवृत्ती आहे, त्यांना कळायचे नाही.” थोरल्यांनी फक्त एवढेच म्हटले, “आपण लिहून दिले आहे.” लक्ष्मीपूजनापूर्वी, ४ नोव्हेंबरच्या आत, ते लॉक रजिस्टर पोस्टाने रवाना झाले. कंपनीकडून पोच आली. त्यापलीकडे काही आले नाही, आणि येण्याची अपेक्षाही नव्हती. मला मात्र त्या दिवशी कंपनीच्या त्या कठोर नियमाचा अर्थ दुसऱ्यांदा कळला. लॉक हरविल्याचे आम्ही मनापासून खरे सांगत होतो, आणि तरीही ते हरविलेले नव्हते.

आता याच आकाराच्या दुसऱ्या वस्तूविषयी, कारण दोहोंची गल्लत नेहमी होते. डिजिटल सहीचे टोकन दिसायला लॉकसारखेच असते, पण हरविल्यावर त्याचा परिणाम उलट होतो. सॉफ्टवेअरचे लॉक हरविले तर आपले काम थांबते. सहीचे टोकन हरविले आणि त्याचा पिन दुसऱ्याला ठाऊक असेल, तर आपल्या नावाने दुसऱ्याचे काम सुरू होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ४२ सांगते की सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी धारकाने घ्यावी, ती धोक्यात आल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळवावे, आणि कळवीपर्यंतची जबाबदारी धारकाचीच राहते. म्हणून टोकन हरविल्यास घरात शोधाशोध करण्यात आठवडा घालवू नये. प्रथम प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज द्यावा. टोकनातील किल्लीची दुसरी प्रत कोठेही नसते, त्यामुळे नवे प्रमाणपत्र घेऊन ते जीएसटी व अन्य संकेतस्थळांवर पुन्हा नोंदवावे लागते. आपल्याकडे अनेक कुटुंबांची टोकने, पिनच्या चिठ्ठीसह, कर सल्लागाराच्या कार्यालयात एका डब्यात पडलेली असतात. सल्लागारावर विश्वास असणे चांगलेच. पण सह्या केलेले कोरे चेकबुक आपण कोणाकडे ठेवीत नाही, आणि हे त्याहून वेगळे नाही. वडिलांच्या पश्चात त्यांचे टोकन वापरणे हा तर सरळ गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. त्या प्रमाणपत्राचे रद्दीकरण कुटुंबाने त्वरित करून घ्यावे.

काही प्रोग्राममध्ये आता लॉक नसते. टॅलीसारख्या प्रोग्रामचा परवाना त्या संगणकावर ऑनलाइन सक्रिय होतो आणि संगणक बदलताना तो ‘सरेंडर’ करून दुसऱ्यावर नेता येतो. तेथे किल्लीची जागा नोंदविलेल्या ईमेलने घेतली आहे. तो ईमेल आपला स्वतःचा आहे की दहा वर्षांपूर्वी प्रोग्राम बसवून देणाऱ्या माणसाचा, हे आज पाहून ठेवावे. संगणक वाहून गेल्यावर परवाना परत मिळविण्याचा मार्ग त्या ईमेलमधूनच जातो.

बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, त्यांच्या देवाणघेवाणीवर रजिस्टरमध्ये सह्या होत आणि दुय्यम किल्ल्यांचे मोहोरबंद पाकीट दुसऱ्या शाखेत ठेवले जाई. तेवढा थाट दुकानाला परवडणारा नाही. पण त्यातील मर्म पुढील साध्या गोष्टींत आणता येते.

१. एक किल्ली-वही करावी. प्रत्येक लॉक व टोकन, त्याचा क्रमांक, विक्रेता, खरेदीची तारीख आणि ते कोणाच्या ताब्यात आहे हे लिहावे. लॉकचा क्रमांक वाचता येईल असा फोटो घरातील दोघांच्या मोबाइलवर ठेवावा. ताबा बदलला की वहीत नोंद करावी. दिवाणजींची एक ओळ लिहिलेली असती, तर वरील सारा खटाटोप वाचला असता.

२. खरेदीच्या वेळीच विचारावे : लॉक बिघडले तर काय, हरविले तर काय, चोरीस गेले तर काय? उत्तर लेखी घ्यावे. खरेदीपूर्वी विक्रेता जितके मान्य करतो तितके नंतर करीत नाही.

३. परवाना आपल्या पेढीच्या नावाने, आपल्या ईमेलवर व मोबाइलवर नोंदलेला आहे याची खात्री करावी. समोरच्याच्या खातेवहीत आपले नाव असणे हाच हरविल्यानंतरचा आधार.

४. महिनाअखेर, आणि पावसाळ्यात दर आठवड्यास, स्टॉक व उधारीची यादी पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये काढून ठेवावी. तिला उघडण्यास लॉक लागत नाही. हिशेबाची प्रत आणि लॉक मात्र एकाच ठिकाणी ठेवू नयेत.

५. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दुकान वाढविताना लॉक काढून ठरलेल्या उंच जागी किंवा घरी न्यावे. संगणक टाकावयाची वेळ आली तर त्याची मागची बाजू प्रथम तपासावी. लॉक भिजले असल्यास ते फेकू नये आणि लगेच जोडूही नये. पूर्ण वाळू द्यावे. चालले नाही तरी परत पाठविण्यासाठी त्याची किंमत आहे.

६. विम्याच्या यादीत सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा उल्लेख नव्याने घ्यावयास लागणाऱ्या किमतीने करावा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत संगणक प्रोग्राम व माहिती यांसाठी मर्यादित संरक्षण अंतर्भूत आहे; आपल्या पॉलिसीत ती मर्यादा किती आणि लॉकचा समावेश होतो का, हे एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे.

७. हरविल्याचे लक्षात येताच त्याच दिवशी घरातील व दुकानातील प्रत्येकास, रजेवर गेलेल्यासही, विचारावे. पोलिसांत खबर द्यावी आणि विक्रेत्यास लेखी कळवावे. नंतर सापडले, तर दिलेला शब्द पाळावा.

या वर्षीही पोती वरच्या फळीवर जातील आणि संध्याकाळी गांधारीच्या पाण्याची चौकशी होईल. आज दुकान वाढविण्यापूर्वी संगणकाच्या मागे एकदा हात घालून पाहावा. तेथे जे अंगठ्याएवढे काही बसविलेले आहे, त्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ते कोणाच्या ताब्यात आहे हे दिवाणजींना विचारावे. त्या दोन बंधूंच्या पेढीवर आता ही वही आहे. तिच्या पहिल्या पानावर दिवाणजींच्या अक्षरात पहिली नोंद आहे : लॉक एक, बिस्किटांचा डबा, माळा.